काळा दगड, मँगनीज आणि समुद्राचा जमाखर्च



साहित्याच्या व्यासपीठावर समुद्रतळाच्या ज्वालामुखींविषयी बोलायचे, आणि तेही पांढुर्णा-सौंसरसारख्या भागात, हे अनेकांना आडवळणाचे वाटेल. इथून सर्वांत जवळचा समुद्र घारीच्या उड्डाणानेसुद्धा साधारण सहाशे किलोमीटर लांब आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो मुंबईला किंवा जगन्नाथपुरीला गेल्यावर एखाद-दोनदाच पाहिला असेल. तरीही मी हा विषय निवडला, कारण समुद्राचे रसायन शिकवायला आपल्या भागाइतका चांगला फळा मला दुसरा दिसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला नवा जिल्हा झाला, त्यात दोन जुन्या तहसिली एकत्र आल्या. योगायोग असा की पांढुर्ण्याकडचा काळा दगड आणि सौंसरकडचे मँगनीज मिळून या विषयाचे दोन्ही अध्याय पूर्ण होतात.

पहिला अध्याय काळ्या दगडाचा. जाम नदीतल्या गोट्यांचा आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय उपयोग करतो, हे देशभर माहीत आहे. ते गोटे मुळात आले कुठून, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. तो बेसाल्ट आहे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा थंड झालेला दगड. आज साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दख्खनचा काळा थर पसरलेला आहे. त्याचीच झीज होऊन आपली कापसाची आणि संत्र्याची काळी माती झाली.

समुद्राचा तळही याच जातीच्या दगडाचा आहे. वरचा गाळ बाजूला केला तर महासागरांखाली सगळीकडे बेसाल्टच सापडतो. महासागरांच्या मधून सुमारे ६५ हजार किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग गेलेली आहे. तिच्या माथ्यावर पृथ्वीचे कवच फाकते आणि खालून नवा बेसाल्ट वर येतो. हिंदी महासागरातही तिच्या शाखा आहेत. पांढुर्ण्याचा लाव्हा उघड्या जमिनीवर वाहिला, तिकडचा काळ्याकुट्ट अंधारात, तीन-चार किलोमीटर पाण्याखाली वाहतो, एवढाच फरक.

आता एखाद्या विहिरीच्या खोदकामातला काळा दगड फोडून पाहा. त्यात पोकळ्या असतात आणि त्या पांढऱ्या, कधी हिरवट, चकाकणाऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी त्यांची नावे. ती लाव्हाबरोबर आली नाहीत. दगडातून फिरणाऱ्या पाण्याने दगडातलीच काही द्रव्ये विरघळवली आणि दुसरीकडे नेऊन बसवली. दगड आणि पाणी एकमेकांशी देवघेव करतात, आणि ऊन पाणी असेल तर ती फार जोरात होते, एवढे सूत्र त्या एका गोट्यात लिहिलेले आहे. समुद्राचे रसायन समजायला हेच सूत्र लागते.

समुद्र खारट का, असा प्रश्न प्रत्येक शाळेत विचारला जातो. आपण उत्तर देतो की नद्या जमिनीवरचे क्षार धुऊन समुद्रात नेतात, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे. आयर्लंडच्या जॉन जोली यांनी १८९९ मध्ये ते पूर्ण समजून एक हिशेब मांडला. समुद्रात सोडियम किती आहे आणि नद्या दरवर्षी किती आणतात, याचा भागाकार केला की समुद्राचे वय निघेल. उत्तर आले सुमारे नऊ कोटी वर्षे. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. जोलींचा भागाकार बरोबर होता, पण त्यांनी समुद्राला केवळ भरत जाणारा रांजण मानले. समुद्र हा चालता संसार आहे. त्यात जमा आहे तसा खर्चही आहे.

हा खर्चाचा रकाना बराच काळ कोरा होता. विशेषतः मॅग्नेशियमचा हिशेब जुळत नव्हता. नद्या ते सतत आणतात, तरी ते त्या प्रमाणात साठत नाही. मग ते जाते कुठे?

१९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ नावाच्या पाणबुडीतून शास्त्रज्ञ सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरले. तिथे त्यांना कोमट पाण्याचे झरे सापडले आणि त्या झऱ्यांभोवती सूर्यप्रकाशाशिवाय जगणाऱ्या प्राण्यांची दाट वस्ती दिसली. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर त्याच महासागरात आणखी नवल दिसले. तळावर उभ्या राहिलेल्या दगडी धुराड्यांतून काळा लोट निघत होता आणि त्या पाण्याचे तापमान साडेतीनशे अंशांहून अधिक होते. इतके तापूनही ते उकळत नाही, कारण त्या खोलीवर वरच्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे अडीचशे पट असतो. या जागांना मी मराठीत ‘सागरी धुराडी’ म्हणतो. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

या धुराड्यांत काय घडते? समुद्राचे थंड पाणी तळाच्या भेगांतून खाली मुरते. खाली तप्त खडक असतो. जसजसे पाणी तापते तसतसे त्यातले मॅग्नेशियम बेसाल्ट शोषून घेतो आणि त्यातून चिकणमातीसारखी खनिजे बनतात. सल्फेटही बहुतांशी मागेच राहते. पाणी आम्लधर्मी होते आणि दगडातून लोह, मँगनीज, तांबे, जस्त, कॅल्शियम, लिथियम उचलते. मग हलके झालेले हे पाणी उसळी मारून वर येते. वर दोन-तीन अंशांचे थंडगार पाणी लागताच लोह, तांबे, जस्त गंधकाशी मिळून काळ्या कणांच्या रूपाने बाहेर पडतात. तोच तो काळा धूर. आपल्या छिंदवाडा भागातल्या अनहोनीचे किंवा कोकणाकडच्या वज्रेश्वरीचे ऊन पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी याचे धाकटे भावंड पाहिले आहे.

मॅग्नेशियम कुठे जाते, याच्या उत्तराचा मोठा भाग असा हाती आला. खर्चाबरोबर जमेचाही नवा रकाना उघडला. अंदाज असा आहे की समुद्राचे सगळे पाणी या अतितप्त मार्गाने एकदा फिरायला कोटीभर वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात, तर पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांच्या कोमट भागातून काही लाख वर्षांतच फिरते. माणसाच्या आयुष्याला हा काळ अफाट वाटतो, पृथ्वीला नाही.

धुराड्यांचा प्रभाव तिथल्या तिथे संपत नाही. पृथ्वीच्या पोटातून येणारा हेलियमचा एक विशिष्ट प्रकार आहे. पॅसिफिकमधल्या एका रांगेपासून पश्चिमेकडे हजारो किलोमीटर त्याचा पट्टा पसरलेला आहे, हे १९८१ मध्ये दाखवले गेले. २०१५ मध्ये त्याच भागातले लोह आणि मँगनीज चार हजार किलोमीटरहून दूरवर आढळले. लोह ही समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींची गरज आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्याचीच टंचाई असते. खोल अंधारातल्या एका भेगेचा संबंध अशा रीतीने पृष्ठभागावरच्या हिरवाईशी लागू शकतो.

आता भूकंपाकडे येऊ. किल्लारीचा १९९३ चा आणि जबलपूरचा १९९७ चा भूकंप आपल्यातल्या मोठ्यांच्या स्मरणात आहे. भूकंप म्हटले की आपल्याला पडलेली घरे दिसतात. समुद्रात घरे नाहीत, पण भेगा आहेत, आणि भूकंप भेगांची रचना बदलतो. एक बंद होते, दुसरी उघडते. पूर्व पॅसिफिकमधल्या एका धुराड्याखाली मार्च १९९५ मध्ये बारीक भूकंपांची मालिका झाली आणि काही दिवसांतच बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान सुमारे सात अंशांनी वाढले. ११ मार्च २०११ च्या जपानच्या महाभूकंपानंतर महिन्याभराने खोल खंदकातल्या तळाच्या पाण्याचे नमुने घेतले गेले. पाणी गढूळ होते आणि त्यात मँगनीज व मिथेन नेहमीपेक्षा जास्त होते. हादऱ्याने गाळ ढवळला होता आणि तळाखालचे द्रव वर आले होते.

आपल्या अरबी समुद्राचेही उदाहरण आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्यालगत मोठा भूकंप झाला. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि माणसे दगावली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की त्या भागातल्या समुद्रतळातून मिथेन झिरपण्याला हाच भूकंप कारणीभूत ठरला असावा. एका दिवसाचा धक्का, पण त्याची रासायनिक नोंद गाळात अनेक दशके टिकते.

विद्यार्थी इथे हमखास एक प्रश्न विचारतात. ज्वालामुखी एवढे वायू सोडतात, तर समुद्राच्या वाढत्या आम्लतेचा दोष माणसावर कशाला? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर आकड्यांत आहे. जमिनीवरचे आणि समुद्राखालचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी भरतो. केवळ कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण वर्षाला साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक सोडतो. औद्योगिक काळापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक छोटा दिसतो, पण या मोजपट्टीवर त्याचा अर्थ आम्लता सुमारे एक चतुर्थांशाने वाढली असा होतो. पृथ्वीने लाखो वर्षांत जुळवलेला जमाखर्च आपण दोनशे वर्षांत हलवला आहे.

मित्रहो, आता दुसरा अध्याय, सौंसरचा. जगातल्या भूशास्त्राच्या ग्रंथांत ‘सौंसर समूह’ हे नाव आहे. आपल्या तहसिलीवरून ते पडले. या समूहातल्या थरांची नावेही अशीच, आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या गावांची: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवानी, बिछुआ. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत हा पट्टा जातो. देशातले मँगनीजचे मोठे साठे याच पट्ट्यात, मुख्यतः मनसर थरात आहेत.

हे थर मूळचे समुद्रातले आहेत. वाळू, चिखल आणि चुन्याचा गाळ पाण्याखाली साचला. पुढे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी प्रचंड दाबाने आणि उष्णतेने तो भाजून निघाला. चुनखडीचा संगमरवर झाला, चिखलाचा अभ्रकी दगड झाला आणि मँगनीजयुक्त गाळाचे खनिज झाले. त्यातल्या एका दगडात मँगनीजचे गार्नेट आणि गारगोटी एकत्र असतात. लुईस लेह फर्मोर या भूशास्त्रज्ञाने त्याला ‘गोंडाइट’ हे नाव दिले, इथल्या गोंड समाजावरून. मँगनीजवरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. साहित्यिकांसाठी सांगतो, इंग्रजीतले नामवंत प्रवासलेखक पॅट्रिक लेह फर्मोर हे त्यांचे चिरंजीव. फर्मोरनी आपल्या सीतापार गावावरून एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असेही नाव दिले होते. पुढे ते खनिज आधीच माहीत असलेले बिक्सबाइट आहे असे ठरले आणि सीतापारचे नाव जगाच्या खनिजकोशातून गळाले. गोंडाइट मात्र टिकून आहे.

समुद्रात इतके मँगनीज आले कुठून आणि एकाच जागी साचले कसे? यातला दुसरा प्रश्न आधी घेऊ. काही हातपंपांचे पाणी बादलीत भरताना स्वच्छ दिसते, आणि तासाभराने तळाला तांबूस साका बसतो. जमिनीखाली प्राणवायू नसताना लोह विरघळलेले असते, हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो. मँगनीजही असेच वागते, फक्त त्याचा साका काळा असतो आणि तो बसायला जास्त वेळ लागतो. प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात मँगनीज विरघळून राहिले आणि उथळ, प्राणवायू असलेल्या पाण्यात येताच तळाला बसले, असे अशा साठ्यांचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे.

आधीचा प्रश्न अजून वादाचा आहे. ते मँगनीज नद्यांनी जमिनीवरून आणले की समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांनी पुरवले, यावर अभ्यासकांची मते वेगळी आहेत, आणि दोन्हींचा वाटा असू शकतो. पुढच्या संशोधनात सौंसर-पांढुर्ण्याची एखादी मुलगी या वादात भर घालेल, अशी माझी इच्छा आहे. पुरावा तिच्या गावाच्या शिवारात पडलेला आहे.

समुद्राची आणखी एक आठवण छिंदवाडा जिल्ह्यात आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये, विश्रांतीच्या काळात, तळी आणि ओढे होते. मोहगाव कलाँ इथे त्या गाळात निपा नावाच्या ताडाची जीवाश्म फळे सापडली. हे झाड आज सुंदरबनासारख्या खाऱ्या खाजणांत वाढते. झिलमिली इथे समुद्री सूक्ष्म जीवांचे सांगाडे मिळाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासकांच्या मते त्या काळी समुद्राचा एक फाटा इथवर पोचला होता. म्हणजे सहाशे किलोमीटरचे आपले अंतर आजचे आहे, कायमचे नाही.

हे सगळे आज सांगायचे कारण आहे. सौंसरच्या खाणींत एकेकाळी जे झाले, ते आता समुद्रतळाशी होऊ घातले आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने खोल समुद्रातून मँगनीजचे गोळे वर काढले. हे बटाट्याएवढे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचा करार भारताकडे आहे. २०१६ मध्ये धुराड्यांभोवतीच्या धातूंसाठी आणखी दहा हजार चौरस किलोमीटरचा करार झाला. २०२१ मध्ये ४०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. डिसेंबर २०२४ मध्ये हिंदी महासागरातल्या एका जिवंत धुराड्याचे, साडेचार हजार मीटर खोलीवरचे, छायाचित्र आपल्या शास्त्रज्ञांनी मिळवले. गोव्याची आणि चेन्नईची संस्था त्यात होती. ही मोठी कामगिरी आहे, तिचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण खाण म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. खाण रोजगार देते. खाण संपल्यावर खड्डा राहतो, त्यात पाणी साचते आणि डोंगर परत येत नाही. जमिनीवर निदान खड्डा दिसतो. चार किलोमीटर खोल पाण्यात उडालेला गाळ कुठवर जाईल, धुराड्याभोवतीचे प्राणी परत येतील का, हे बघायला तिथे कुणी गावकरी नाही. बॅटरीला आणि पोलादाला मँगनीज लागते, हेही खरे. म्हणून मी ‘काढूच नका’ असे इथून बजावत नाही. निर्णय होईल तेव्हा तो समजणारी, त्यावर प्रश्न विचारणारी माणसे मँगनीजच्या गावांत असली पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि समजणे हे शेवटी भाषेतच होते.

इथे अकादमीचा संबंध येतो. आपली मुले शाळेत हिंदी वाचतात, घरी मराठी किंवा गोंडी बोलतात, आणि विज्ञान पुढे इंग्रजीत शिकतात. तिन्ही-चारही भाषांच्या मधल्या फटीत विषय निसटतो. कठीण परिभाषा घडवून ती फट बुजणार नाही. ‘जलतापीय निर्गममार्ग’ असे लिहून मी परीक्षेत गुण मिळवून देऊ शकेन, पण धुराडे, साका, झिरप, पाझर, जमाखर्च हे शब्द मुलाच्या तोंडात आधीपासून आहेत. त्यांच्यावर विज्ञान उभे करता येते. लेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी दगडाकडेही एक पात्र म्हणून पाहावे. आपल्या कथांत वावर आहे, नदी आहे, खाणकामगारही क्वचित आहे, पण तो जे फोडतो त्याची गोष्ट नाही.

शिक्षकांना एक सोपे काम सुचवतो, त्याला अनुदान लागत नाही. प्रत्येक शाळेत एका फळीवर तीन दगड ठेवा: पांढुर्ण्याकडचा पोकळ्यांचा काळा दगड, सौंसरकडचा संगमरवर आणि मँगनीजचा एक जड तुकडा. प्रत्येकाखाली मराठीत, हिंदीत आणि गोंडीत चार ओळी मुलांनीच लिहाव्यात. गोंडीसाठी मुलांच्या आजी-आजोबांना विचारावे. त्या फळीसमोर उभे राहून समुद्र खारट का, हा प्रश्न पुन्हा विचारावा. यावेळी उत्तरात नद्यांच्या जोडीला धुराडी यायला हवीत, आणि भेगा बदलणारे भूकंपही.